पाठीमागचे इंजिन आणि उष्णतेची वाट

चेन्नईच्या उत्तरेस, कोलकात्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत शोलावरम नावाचे एक गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली. युद्ध संपले, विमाने गेली आणि तो लांबरुंद पट्टा ओस पडला. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना झाली आणि पुढे याच धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती गाजू लागल्या. मद्रासमध्ये फेब्रुवारीतही दुपारचा पारा तिशी ओलांडतो. अशा हवेत शर्यतीच्या गाडीला दोन प्रकारच्या उन्हाशी झुंजावे लागते. एक आकाशातले, आणि दुसरे तिच्या स्वतःच्या पोटातले.

या दुसऱ्या उन्हाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. प्रारंभीच्या मोटारींत इंजिन बहुधा पुढे असे. समोरून येणारा वारा प्रथम इंजिनाला भेटे, आणि जळालेला वायू बाहेर नेणारी एक्झॉस्टची नळी त्या वाऱ्यात निवत मागे जाई. जर्मनीच्या ऑटो युनियन संस्थेने १९३४ साली इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागील आसाच्या पुढे ठेवलेली शर्यतीची गाडी मैदानात आणली. या पद्धतीचा निर्णायक विजय मात्र पुढे इंग्लंडच्या कूपर संस्थेने मिळवला. १९५८ साली स्टर्लिंग मॉस याने अर्जेंटिनातील शर्यत कूपरमधून जिंकली. १९५९ आणि १९६० या दोन्ही वर्षी जॅक ब्रॅबम याच संस्थेच्या गाडीतून जगज्जेता झाला. वजन गाडीच्या मध्याशी आल्यामुळे ती वळणावर चपळ होते, हे सर्वांना पटले आणि थोड्याच वर्षांत फॉर्म्युला वनच्या मैदानातून पुढे इंजिन असलेली गाडी नाहीशी झाली.

उघड्या शर्यतीच्या गाडीत ही रचना फारशी जाचत नाही. नळ्या बाहेर असतात आणि वारा त्यांना सतत लागत असतो. ऐंशीच्या दशकात एन्साइन संस्थेची एक जुनी फॉर्म्युला वन मोटार शोलावरमच्या पट्टीवर धावली, तीही याच जातीची. खरी अडचण उद्भवली ती हीच रचना रस्त्यावरच्या बंदिस्त स्पोर्ट्स मोटारीत आली तेव्हा. इटलीतील लांबोर्गिनी मिऊरा १९६६ साली लोकांपुढे आली. तिचे चार लिटरचे, बारा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवले होते. त्यामुळे सहा सिलिंडरांच्या एक्झॉस्ट नळ्या इंजिन आणि आसनांमागची भिंत यांच्यामधील चिंचोळ्या जागेत आल्या. मागच्या बाजूस सलग काच न लावता आडव्या पट्ट्या बसवल्या, त्या केवळ शोभेसाठी नव्हेत. आतली गरम हवा वर निघून जाण्याची ती वाट होती.

ही उष्णता किती असते? ढोबळमानाने, पेट्रोलमधील ऊर्जेचा एक तृतीयांश भाग इंजिनाच्या दांड्याला मिळतो. जवळजवळ तितकाच गार पाण्यात जातो आणि तितकाच एक्झॉस्टवाटे बाहेर पडतो. पूर्ण भारावर सिलिंडरमधून निघणारा वायू ८०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. महाराष्ट्रातल्या जुन्या न्हाणीघरांतील तांब्याचा बंब आठवावा. त्याच्या मधल्या नळीतून जाणारी आच भोवतालचे पाणी तापवते आणि तेच तेथे हवे असते. मोटारीतली नळीही भोवतालच्या वस्तूंना अशीच तापवते. पण तेथे पाण्याच्या जागी पेट्रोलच्या नळ्या, विजेच्या तारा, रबर आणि माणसाची पाठ असते. शिवाय तापलेल्या पृष्ठभागातून किरणांवाटे बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. ४०० अंशांची नळी ८०० अंशांवर गेली, तर हा मारा दुप्पट होत नाही, तो सुमारे साडेसहा पट होतो.

गाडी थांबल्यावर धोका टळतो, असा समज चुकीचा आहे. वारा थांबतो, पाण्याचे अभिसरण थांबते, पण तापलेले लोखंड आच सोडतच राहते. कार्बुरेटरमधील पेट्रोल उकळू लागते आणि गाडी पुन्हा चालू होत नाही. एखादा सांधा पाझरत असेल, तर ठिबकणाऱ्या पेट्रोलला आग लागण्याचेही भय असते.

यावरचे उपाय अनुभवातून सिद्ध झाले. नळी आणि आसनांमागची भिंत यांच्यामध्ये चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन्ही बाजूंस हवेची पोकळी ठेवून, बसवावा. तो किरणे परतवतो. १९९२ साली आलेल्या मॅक्लारेन एफ वनमध्ये याच कामासाठी इंजिनाच्या कप्प्यात सोन्याचा वर्ख लावला होता, कारण सोने अवरक्त किरण उत्तम परतवते. खालून थंड हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर, असा मार्ग मोकळा असावा. नळीला चिनीमातीच्या जातीचा उष्णतारोधक लेप देता येतो. पूर्वी तिला ॲस्बेस्टॉसची पट्टी गुंडाळीत. तिचे तंतू फुप्फुसांना घातक असल्यामुळे पुढे काचतंतूच्या पट्ट्या आल्या. मात्र कोणतीही पट्टी दुधारी असते. ती उष्णता बाहेर पडू देत नाही, म्हणून आतले लोखंड अधिक तापते. ओल धरून ठेवते, म्हणून ते गंजते. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत जुन्या गाडीची अस्सल नळी अशा पट्टीखाली नकळत झिजून जाऊ शकते.

तेव्हा प्रारंभ मुळापासून करावा. ठिणगी उशिरा पडत असेल, तर पेट्रोल उशिरा जळते आणि त्याची आच कामी न येता थेट नळीत जाते. ठिणगीची वेळ जुळवण्यास पैसा थोडा लागतो, पण पुष्कळदा पहिला गुण तिनेच येतो.

शोलावरमचे युग ओसरले. १९९० साली श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे क्लबचा स्वतःचा मार्ग सुरू झाला. कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चे छोटे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवून घडवलेल्या फॉर्म्युला मारुती गाड्या तेथे धावल्या, आणि त्याच गाड्यांतून शर्यतीचे धडे घेतलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस चेन्नईच्या भर रस्त्यांवर रात्री शर्यत झाली. सूर्य मावळला होता, दिवे लागले होते. पण प्रत्येक चालकाच्या पाठीमागे तेच दुसरे ऊन तळपत होते. ते विझवता येत नाही. त्याला बाहेरची वाट मोकळी करून द्यावी लागते, आणि ही वाट ज्याने आधी आखली, त्याचीच गाडी टिकली.