‘सब्सिडी’ आणि ‘तैनात’

इंग्रजी साधनांच्या आधारें मराठ्यांचा उत्तरकाल लिहितांना येणाऱ्या एका अडचणीकडे आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. इंग्रजी शब्दाचा कोशांतला अर्थ ठाऊक असणें वेगळें, आणि तो शब्द त्या कालीं कोण, कोणाशीं, कोणत्या व्यवहारांत वापरीत होता हें ठाऊक असणें वेगळें. ता. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहांतील ‘सब्सिडिअरी फोर्स’ हा प्रयोग याचें ठळक उदाहरण होय. आपल्या ग्रंथांत त्यास ‘तैनाती फौज’ हा प्रतिशब्द इतका रूढ झाला आहे कीं, मूळ शब्दाकडे कोणी वळून पाहत नाहीं.

‘सब्सिडी’ हा शब्द लॅटिन ‘सब्सिडिअम’ यापासून निघाला. रोमन लोकांत त्याचा अर्थ मागें राखून ठेवलेली कुमकेची फौज असा होता. इंग्लंडांत मात्र पार्लमेंट राजास जो कर मंजूर करी त्यास हें नांव मिळालें, व पुढें दोस्त राजास युद्धासाठीं द्यावयाच्या रकमेसही तेंच लागूं पडलें. १७५८ सालीं इंग्लंडनें प्रशियाच्या फ्रेडरिकास वार्षिक ६,७०,००० पौंड देऊं केले, ती सब्सिडीच. १७७६ सालीं अमेरिकेंतील बंड मोडण्यासाठीं हेसे-कासलच्या संस्थानिकाकडून सैन्य घेतलें, तेंही याच मार्गानें. म्हणजे युरोपांत पैसा इंग्रजांचा व शिपाई दुसऱ्याचे. ज्याचा पैसा त्याचा हुकूम, हा सरळ न्याय. हिंदुस्थानांत तोच शब्द आला आणि व्यवहार उलटा झाला. पैसा व मुलूख पेशव्यांचा, शिपाई कंपनीचे, आणि हुकूमही कंपनीचाच!

आतां ‘तैनात’ पाहा. पेशवाईच्या दप्तरांत हा शब्द नेमणूक व पगार या अर्थीं येतो. सरदारांचे तैनातजाबते अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. सरदारानें अमुक स्वारांनिशीं चाकरी करावी, खर्चास अमुक महाल सरंजाम लावून द्यावे, चाकरी चुकल्यास ते जप्त करावे, अशी ती रीत. वसईच्या तहांत सहा हजारांहून कमी नाहीं इतकें पायदळ, आणि त्याच्या खर्चास २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख, हें वाचलें कीं सरंजामाचाच भास होतो. ‘तैनाती’ या विशेषणानें तो भास दुणावतो. जणूं फौज पेशव्यांची चाकर! परंतु सरंजाम धन्याच्या मर्जीवर चाले. येथें मुलूख कंपनीस कायमचा तोडून दिला होता. तो जप्त करणार कोण?

यावरून बाजीराव शब्दास फसला असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ता. २५ ऑक्टोबर १८०२ च्या हडपसरच्या लढाईनंतर पुणें सोडून पळालेल्या पेशव्यास शब्दांची पारख करण्यास फुरसत नव्हती. शिवाय १८०० सालीं निजामानें असल्याच फौजेपायीं मुलूख तोडून दिल्याचें उदाहरण समोर होतेंच. फसगत झाली असेल तर ती मागाहून, आपल्या लेखकांची.

त्याच तहांतील ‘म्यूच्युअल कन्सल्टेशन’ हे शब्दही असेच. आगाऊ सूचना देऊन परस्पर सल्लामसलत केल्यावांचून पेशव्यांनीं दुसऱ्या कोणत्याही सत्तेशीं बोलणें लावूं नये, असें कलम आहे. ‘परस्पर’ हा शब्द दोघांचा, बंधन मात्र एकट्या पेशव्यांवर. ता. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत हा पडदाही उरला नाहीं: परदरबारचे वकील ठेवूं नयेत, जें बोलावयाचें तें रेसिडेंटामार्फत बोलावें, असें उघड लिहिलें गेलें.