लेकरांसह तंबूतला मुक्काम : बोरगाव ते तामिया

सौसरजवळच्या बोरगावहून मोटारीने सातपुड्यातल्या तामियाला जाऊन तंबूत राहायचे, तर खर्च तीन जातींचा असतो. इंधनाचा खर्च अंतराबरोबर वाढतो, शिध्याचा आणि जागेचा दिवसांबरोबर. तंबू, सतरंज्या, स्टोव्ह यांचा एकदाच होतो. लोक धास्ती घेतात ती तंबूची. सहल महाग पडते ती मात्र धावपळीने. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर, गाडीचे ॲव्हरेज 15 आणि पेट्रोल 110 रुपये धरले, तर इंधनाला साधारण 1,830 रुपये लागतात. दोन दिवसांत परतले तर हा खर्च रोजचा 915 रुपये, चार दिवस राहिले तर 460 हूनही कमी. ‘इतके आलोच आहोत तर पचमढीही करू’ म्हणताच गणित बिघडते, आणि लेकरे कंटाळतात ती वेगळीच.

मुलांचे गणित किलोमीटरचे नसते, वळणांचे असते. वाटेत रामाकोन्याच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागला की मागे बसलेले पोर पिवळे पडते. शरीर हलते आहे असे कान सांगतो, मोबाइलवर खिळलेली नजर ते नाकारते. या विसंगतीतून मळमळ येते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त. घाटाआधी हलके खाणे आणि नजर समोरच्या रस्त्यावर ठेवणे, एवढ्याने बराच फरक पडतो. लेकरू मांडीवर घेणे हा उपाय नव्हे. 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन हवेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने तसे न केल्यास 1,000 रुपये दंड आहे, आणि दंड नसता तरी हे करायलाच हवे.

थंडीचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. उदाहरणार्थ, नागपूर 310 मीटरवर, पचमढी 1,067 वर. म्हणजे पाच अंशांचा फरक उंचीचाच. शिवाय जमीन अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून पांघरुणाइतकेच अंथरूण जाड हवे: ताडपत्री, तिच्यावर तणस, वर गोधडी. बंद तंबूत कोळशाची शेगडी कधीही नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेत गुदमरलेले लेकरू रडतसुद्धा नाही.

मुक्कामाचे हे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला बैलगाडीने जाणारी वऱ्हाड-नागपूरकडची कुटुंबे मुक्काम ठरवीत ती पाणी पाहून, दिवस मावळण्याआधी. कणीक, वांगी आणि गोवऱ्या असल्या की रोडगे-भाजी होई. फार भांडी लागत नसत. आजही याहून स्वस्त आणि पोटभरीचा बेत मला दिसत नाही. राखीव जंगलात मात्र वनविभागाच्या परवानगीवाचून उतरू नये. गावाजवळचे शेत मालकाला विचारून घेतलेले बरे.

तंबूतली पहिली रात्र तामियात काढूच नये. सौसरच्या आसपास नात्यातल्या कुणाची संत्र्याची बाग असतेच. तिथे शनिवारी तंबू ठोकावा. पेट्रोल नाममात्र लागते, कोणते पोर अंधाराला घाबरते ते कळते, काय विसरले तेही कळते, आणि ताप आलाच तर घर जवळ असते.