आयुष्याला गुण कोण देणार? ‘क्वाली’ म्हणजे काय आणि त्यावर आक्षेप का?

सरकारकडे आरोग्यासाठी पैसा मर्यादित असतो. मग तो कोणत्या उपचारावर आधी खर्च करायचा? हे ठरवण्यासाठी अनेक देशांत ‘क्वाली’ हे माप वापरतात. पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे १ क्वाली, मृत्यू म्हणजे ०. आजारपणातलं वर्ष सहसा या दोहोंच्या मध्ये.

भारतात कुठे वापरतात?
केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ साली ‘एचटीएइन’ ही यंत्रणा उभी केली. एखादी लस, चाचणी किंवा उपकरण सरकारी योजनेत घ्यावं का, हे सुचवताना एका क्वालीमागे किती खर्च येतो, हे ती पाहते.

गुण कसे ठरतात?
‘ईक्यू-५डी’ प्रश्नावलीत पाच गोष्टी असतात: चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना आणि चिंता-नैराश्य. कोणत्या अवस्थेला किती गुण, हे सर्वसामान्य लोकांना विचारून ठरवतात. काही अवस्था शून्याच्याही खाली जातात, म्हणजे ‘मरणापेक्षा वाईट’.

अडचण कुठे आहे?
समजा, वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या दोघांना एकाच उपचाराने दहा-दहा वर्षं मिळणार आहेत. एकाचे गुण ०.९, दुसरी व्हीलचेअर वापरते, तिचे ०.६. हिशेब होतो ९ आणि ६ क्वाली. जगायचं दोघांनाही तितकंच आहे, पण कागदावर तिचं वाचणं कमी मोलाचं. तिच्या इमारतीला लिफ्ट नसेल, तर घराबाहेर पडता येत नाही म्हणूनही गुण तिचेच कापले जातात.

समर्थक म्हणतात, हे माप माणसं निवडायला नाही, उपचारांची तुलना करायला आहे. तरीही अपंगत्व असलेल्यांना लागणारे उपचार त्यामुळे मागे पडू शकतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याची अशी प्राधान्ययादी १९९२ साली तिथल्या केंद्र सरकारने याच कारणासाठी फेटाळली होती.

केईएमचं उदाहरण
१९७३ च्या हल्ल्यानंतर अरुणा शानबाग जवळपास ४२ वर्षं मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणावर होत्या. क्वालीच्या हिशेबात त्या वर्षांना फारसं मोल मिळालं नसतं. तिथल्या परिचारिकांनी मात्र त्यांना सांभाळलं आणि दयामरणाला विरोध केला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली.

मग माप नकोच का?
मापच नसेल, तर ज्याची ओळख मोठी त्याचा नंबर आधी लागतो. म्हणून एकाच आजारावरच्या दोन उपचारांची तुलना करायला क्वाली उपयोगी आहे. दोन वेगळ्या माणसांची तुलना त्यावर सोडता येत नाही. तिथे इतर निकषही लागतात: गरज किती तातडीची आहे आणि कोण किती काळ थांबलं आहे. आणि अवस्थांना गुण ठरवताना त्या अवस्थेत जगणाऱ्यांनाही विचारायला हवं.