चामखिळीवरील शीतन व लेसर उपचार

चामखीळ : व्हायरसाच्या संसर्गामुळे त्वचेच्या बाह्यस्तरात निर्माण होणाऱ्या खरबरीत, टणक वाढीस चामखीळ म्हणतात. बोलीत मानेवर वा काखेत लोंबणाऱ्या मऊ मांसल वाढीलाही हेच नाव दिले जाते. परंतु ती संसर्गजन्य नसल्याने तिचा विचार येथे केलेला नाही. चामखीळ नाहीशी करण्यासाठी अतिशीत पदार्थ व लेसर किरण यांचा उपयोग कसा सुरू झाला आणि त्यांच्या तुलनेतून काय निष्पन्न झाले, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

सुश्रुतसंहितेत चर्मकील, मशक इ. विकार शस्त्राने कापून काढावेत व नंतर ती जागा क्षाराने किंवा अग्नीने पूर्णपणे जाळावी, असे सांगितले आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यानेही चामखिळीचे निरनिराळे प्रकार वर्णिले आहेत. घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधणे, चुना लावणे यांसारखे उपाय महाराष्ट्रात परंपरेने चालत आले. वाढ समूळ नाहीशी केली की रोगही गेला, ही समजूत या सर्वांच्या मुळाशी होती. १९०७ मध्ये ज्युझेप्पे चुफो या इटालियन वैद्यांनी, जंतू अडवून धरणाऱ्या गाळणीतून गाळलेला चामखिळीचा अर्क टोचल्यास नवी चामखीळ उत्पन्न होते, असे दाखविले. रोगाचे कारण दृष्टीस येणाऱ्या वाढीपेक्षा सूक्ष्म आहे, हे यावरून सिद्ध झाले. उपचारांची दिशा मात्र त्यामुळे लगेच बदलली नाही.

शीतनाचा पद्धतशीर वापर प्रथम जेम्स आर्नट (१७९७–१८८३) या इंग्रज वैद्यांनी केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी बर्फ व मीठ यांच्या मिश्रणाने सु. −२४° से. पर्यंत तापमान उतरवून कर्करोगाच्या गाठी गोठविल्या व वेदना कमी केल्या. याहून अधिक थंडी मिळविण्यासाठी वायूंच्या द्रवीकरणाची वाट पाहावी लागली. १८८३ मध्ये क्रेको येथे व्हरूब्लेफस्की व ऑल्शेफस्की यांनी ऑक्सिजन व नायट्रोजन द्रवरूप केले आणि १८९५ मध्ये कार्ल फोन लिंडे यांनी हवेचे द्रवीकरण औद्योगिक प्रमाणावर शक्य केले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९९ मध्ये, न्यूयॉर्कमधील वैद्य कँबेल व्हाइट यांनी द्रवरूप हवेने त्वचाविकारांवर, त्यांत चामखिळीवरही, उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. हा द्रव दुर्मिळ असे. याउलट सोडावॉटरसाठी लागणारा कार्बन डाय-ऑक्साइड सिलिंडरांत सहज मिळे. त्यामुळे शिकागोच्या विल्यम प्यूसी यांनी १९०७ मध्ये पुरस्कारलेला कार्बन डाय-ऑक्साइडाचा ‘हिम’ (−७८·५° से.) दीर्घकाळ प्रचारात राहिला. द्रवरूप ऑक्सिजनही काही काळ वापरला गेला, पण त्याच्यामुळे आग भडकण्याचा धोका असे. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप नायट्रोजन (−१९६° से.) विपुल मिळू लागला आणि १९५० मध्ये हर्मन ॲलिंग्टन यांनी तो कापसाच्या बोळ्याने चामखिळीवर लावण्याची पद्धत वर्णिली. पशुसंवर्धनाच्या कृत्रिम रेतन केंद्रांत गोठविलेले वीर्य ज्यात साठवितात तोच हा द्रव होय. १९६०–७० या दशकात डग्लस टॉरे व सेट्रॅक झॅकेरियन यांच्या प्रयत्नांतून फवाऱ्याची साधने पुढे आली.

शीतनाने व्हायरस मरतो, हा समज बरोबर नाही. अतिशीत द्रवातही व्हायरस टिकून राहतो. कोशिकांत बर्फाचे स्फटिक होऊन त्या मरतात, फोड येतो, दाह होतो आणि त्या दाहामुळे शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेस व्हायरसाची ओळख पटण्यास मदत होत असावी. त्वचेचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या कोशिका इतर कोशिकांहून लवकर, सु. −४° ते −७° से. तापमानासच, नष्ट होतात. त्यामुळे सावळ्या त्वचेवर उपचारानंतर पांढरा डाग राहतो व तो कधीकधी कायमचा ठरतो. गोऱ्या रुग्णांवरील अनुभवावर लिहिलेल्या ग्रंथांत या दोषाला फारसे महत्त्व दिलेले नसते. भारतीय रुग्णाला मात्र चामखिळीपेक्षा हा डागच अधिक त्रासदायक वाटण्याचा संभव आहे.

लेसर हे साधन याहून अलीकडचे आहे. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाचा पहिला लेसर तयार केला आणि सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ञ लिऑन गोल्डमन यांनी लवकरच त्वचेवर त्याचे प्रयोग आरंभले. चामखिळीच्या दृष्टीने खरे महत्त्व १९६४ मधील कार्बन डाय-ऑक्साइड लेसराला आहे. त्याचे जनक चंद्रकुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा (१९३८) असून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले व बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा शोध लावला. या लेसराचा १०·६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा किरण पाण्यात शोषला जात असल्याने जलमय ऊतकाची क्षणात वाफ होते. त्यासाठी जागा बधिर करावी लागते. जखम भरण्यास काही आठवडे लागतात व व्रण राहू शकतो. १९८८ मध्ये तर या धुरातच चामखिळीच्या व्हायरसाचे डीएनए आढळले. तेव्हापासून धूर ओढून घेणारे यंत्र व मुखपट्टी यांचा वापर आवश्यक मानला जातो.

१९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश यांनी, योग्य तरंगलांबी व अल्पकाळाचे स्पंद योजल्यास त्वचेतील ठराविक घटकच तापविता येतो, हे तत्त्व मांडले. त्यावर आधारलेला ५८५ नॅनोमीटरचा स्पंदित रंजक लेसर चामखिळीस रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बंद करतो. त्वचा फारशी न फाटणे हा त्याचा मोठा गुण. परंतु सावळ्या त्वचेतील मेलॅनीनही हा प्रकाश शोषून घेते.

या साधनांपैकी श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न बराच काळ अनुभवाच्या आधारेच सोडविला जाई. अनुभव येथे फसवा ठरतो, कारण चामखीळ पुष्कळदा आपोआप जाते. १९६३ मध्ये मॅसिंग व एप्स्टाइन यांनी एका संस्थेतील १,००० मुलांचा दोन वर्षे मागोवा घेतला, तेव्हा सु. दोनतृतीयांश चामखिळी उपचारावाचून नाहीशा झाल्याचे दिसले. म्हणून उपचार न घेतलेल्या रुग्णांशी तुलना केल्याखेरीज यशाच्या आकड्यांना अर्थ नसतो. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४० रुग्णांच्या चाचणीत रंजक लेसराने ६६% व शीतनादी रूढ उपचारांनी ७०% चामखिळी गेल्या. यंत्राच्या किंमतीस साजेसा फरक दिसला नाही. नेदर्लंड्समधील २५० रुग्णांच्या २०१० मधील चाचणीत साध्या चामखिळी शीतनाने ४९%, सॅलिसिलिक अम्लाने १५% व नुसत्या प्रतीक्षेने ८% रुग्णांत तेरा आठवड्यांत बऱ्या झाल्या. तळपायाच्या चामखिळींत मात्र हेच प्रमाण अनुक्रमे ३०, ३३ व २३% असून हा फरक निर्णायक नव्हता. तळपायाची त्वचा जाड असल्याने थंडी खोलवर पोहोचत नाही, हे त्याचे एक कारण मानतात.

व्यवहारात सॅलिसिलिक अम्ल व शीतन यांना प्रथम स्थान दिले जाते. लेसर हा इतर उपायांना न जुमानणाऱ्या, नखाखालच्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या चामखिळींसाठी राखून ठेवतात. लहान मुलांत शीतनाची वेदना लक्षात घेता काही महिने वाट पाहणे हाही एक उपचारच समजला जातो. अलीकडे चामखिळीतच गोवर-गालगुंड-रुबेला लस किंवा क्षयजंतूचे शुद्ध प्रथिन टोचून प्रतिरक्षेस चेतविण्याचे प्रयोग भारतातील रुग्णालयांतही झाले आहेत.