प्लेग, गिरण्या आणि अडकलेला पगार

१८९७ आणि प्लेग म्हटले की रँडचा वध डोळ्यांपुढे येतो, आणि तो यावाच. पण त्याच साथीने मुंबईच्या गिरणगावात एक निराळाच पेच उभा केला होता. कामगार शहर सोडून निघाले आणि त्यांना अडवण्यासाठी मालकांच्या हाती कायदा नव्हता.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे फर्मान निघाले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले. हिवाळ्यात शहर ओस पडू लागले. कोकणातला कामगार बोटीने, घाटावरचा आगगाडीने, जमेल त्याने गाव गाठले. निम्म्याच्या आसपास मुंबई रिकामी झाली. गिरण्यांची यंत्रे जागेवर होती, ती चालवणारे हात उरले नव्हते.

एरवी मालकाला कामगार धरून ठेवण्यासाठी कायद्याची गरजच नसे. पगार मासिक, आणि तोही महिना उलटून बरेच दिवस गेल्यावर हाती पडे. म्हणजे कामगाराची कित्येक आठवड्यांची कमाई सदैव मालकाच्या तिजोरीत अडकलेली असे. आगाऊ सूचना न देता काम सोडले, तर ती बुडे. ही साखळी दिसत नसे, पण भक्कम होती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती नेमकी ओळखली होती. १८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी पुढे केले. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी आज सर्वांना ठाऊक आहे. ती १८९० मध्ये मान्यही झाली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. किती माफक! तरी १८९१ च्या सुधारित फॅक्टरी कायद्यात स्त्रिया-मुलांच्या कामाचे तास आले, साप्ताहिक सुट्टी आली, पगाराच्या तारखेचा उल्लेख मात्र आला नाही.

प्लेगने ही साखळी तोडली. उद्या जगू की नाही याचीच खात्री नसलेला माणूस पुढच्या महिन्याच्या पगाराच्या आशेवर आज कशाला थांबेल? जे कामगार शहरात राहिले, त्यांनी रोजचा पैसा रोज मागितला. मालकांनाही तो द्यावा लागला. नाक्यानाक्यावर कामगारांसाठी उघड बोली लागली. एका गिरणीचा माणूस दुसरी गिरणी चढ्या दराने पळवू लागली. मालकांची संघटना होती, पण टंचाईत एकी कुठली टिकते!

कायद्याचा आधार घ्यावा, तर तोही तोकडा. कामगाराने करार मोडल्यास त्याला तुरुंगात धाडणारा १८५९ चा एक कायदा होता, आणि तो मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांतील कारखानदारांचे नुकसान टाळण्यासाठीच केला होता. मात्र त्याचा सगळा डोलारा 'आगाऊ रक्कम' या शब्दावर उभा होता. उचल घेऊन काम न करणारा त्यात गुन्हेगार ठरे. गिरणी कामगाराने उचल घेतलेलीच नसे. उलट मालकच त्याचे देणेकरी. ज्या पद्धतीने मालकांनी कामगाराला बांधले, तिनेच त्यांना या कायद्याच्या लाभापासून दूर ठेवले.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमे. जहाजे-गाड्यांतील प्रवाशांची तपासणी, त्यांना अडवून ठेवणे, आज्ञाभंगाला शिक्षा, सद्भावनेने वागणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण. विलगीकरणात अडकलेल्या कामगाराच्या रोजीचे काय, किंवा बंद पडलेल्या कारखान्याने पगार द्यावा की नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. सरकारच्या लेखी साथ हा केवळ आरोग्याचा आणि बंदोबस्ताचा प्रश्न होता.

त्याच महिन्यात, ९ फेब्रुवारीला, प्लेगग्रस्तांची सेवा करताना लोखंडे स्वतः प्लेगला बळी पडले. ज्या गिरण्यांकडे त्यांनी पंधरा तारखेपर्यंतचा पगार मागितला होता, त्या आता संध्याकाळच्या संध्याकाळी मजुरी मोजत होत्या.

हे फार काळ चालले नाही. साथीचा पहिला जोर ओसरल्यावर पगार रोज की महिन्याने, यावरून त्याच वर्षी कामगारांनी संप केला. रोजचा पगार कायम राहावा, ही त्यांची मागणी होती. ती टिकली नाही. कामगार परतले आणि त्यांच्यामागून मासिक पगारही परतला. पुढची कित्येक दशके मुंबईच्या गिरण्यांत पगार मागाहूनच मिळत राहिला.

१८५९ चा कायदा १९२५ मध्ये रद्द ठरवला गेला. पगार किती दिवसांत द्यावा, हे सांगणारा वेतन प्रदान कायदा १९३६ मध्ये आला : हजाराहून कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत, अन्यथा दहाव्या. लोखंडे यांनी पंधरा दिवस मागितले होते, त्याला तेव्हा ५२ वर्षे लोटली होती.