काठीवरचे नाव आणि काठीचा कर्ता

जुन्या तांब्याच्या घागरीवर कोरलेले नाव वाचून ती घागर त्या माणसाने घडवली असे आपण म्हणत नाही. ते नाव देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे असते. ठोके घालणारा तांबट निनावीच राहतो. १९७० आणि १९८०च्या दशकांत अमेरिकेत बनलेल्या ग्रॅफाइटच्या फ्लाय रॉडची, म्हणजे माशी टाकून मासे पकडण्याच्या काठीची, कथा याच जातीची आहे. फरक इतकाच, की तिथे नाव सुबक अक्षरांत छापलेले असल्यामुळे तोच कर्ता असा समज रूढ झाला. आजचा धागा त्या समजाविषयी आणि खरा कर्ता शोधण्याच्या रीतीविषयी. लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी वस्तूची ओळख. कोकणात गरवायला बसणारा माणूस गरीला आमिष लावतो आणि वजनाच्या जोरावर दोर पाण्यात भिरकावतो. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसे आणि दोरा यांची बांधलेली कृत्रिम माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून वजन दोरीला दिलेले असते आणि ती जड दोरी हवेत मागेपुढे झुलवून दूर नेण्याचे काम काठीकडे येते. काठी कुठे वाकते, किती वाकते आणि किती लवकर सरळ होते, यातच तिचे सारे गुणावगुण आले.

हे काम पूर्वी बांबू करीत असे. बांबूच्या सहा निमुळत्या चिपा एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी तयार होई, आणि तिचा कारागीर बहुधा नावानिशी ठाऊक असे. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला. शेक्सपिअर या कंपनीसाठी आर्थर हॉवल्ड यांनी काचतंतूच्या काठीची कृती बसवली आणि काठी घडवणे हे कारागिराच्या ओट्यावरून कारखान्यात गेले. कर्त्याचे नाव पुसले जाण्याची सुरुवात इथे झाली असे मी मानतो.

मग आला कार्बन. १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडजवळ युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन यांना ग्रॅफाइटचे अतिसूक्ष्म, विलक्षण बळकट तंतू मिळाले. त्यानंतर थोड्याच काळात जपानमध्ये ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून, म्हणजे स्वेटरच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीच्या भाऊबंदापासून, कार्बनतंतू काढला. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेने हीच वाट पुढे नेली. रोल्स-रॉइसने त्या तंतूची पाती आपल्या आरबी२११ इंजिनात बसवायचे ठरवले. पण पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि त्यांच्या जागी टायटॅनियम आले. फेब्रुवारी १९७१ मध्ये रोल्स-रॉइसचे दिवाळे निघाले. त्याला कारणे अनेक होती, पाती हे त्यांपैकी एक.

आकाशासाठी जन्मलेल्या या तंतूला गिऱ्हाईक मिळाले ते खेळाच्या मैदानात. जपानमध्ये तोरे कंपनीचा कार्बनतंतू आला तसा तो गोल्फच्या दांड्यांत आणि गळाच्या काठ्यांत शिरला. अमेरिकेत १९७३ मध्ये फेनविक कंपनीने ग्रॅफाइटची फ्लाय रॉड बाजारात आणली. तिच्या दांड्यावर एचएमजी अशी अक्षरे असत. अर्थ ‘हाय मॉड्युलस ग्रॅफाइट’. पुढच्याच वर्षी व्हरमाँटमधील ऑर्व्हिस ही जुनी पेढी त्यात उतरली आणि मग रीघ लागली.

इथे पहिली खूण हाती लागते. अमेरिकी विक्रेते या पदार्थाला ‘ग्रॅफाइट’ म्हणत, ब्रिटिश लोक ‘कार्बन फायबर’ किंवा नुसते ‘कार्बन’. पदार्थ एकच, शब्द दोन. काठीवर कोणता शब्द आहे एवढ्यावरून ती अटलांटिकच्या कोणत्या तीरावर विकली जाणार होती, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. विकली जाणार होती असेच म्हणायचे, बनली होती असे नव्हे.

आता मुख्य मुद्दा. ग्रॅफाइटची काठी घडवायला नेमके काय लागते? राळेत भिजवलेले कार्बनचे कापड लागते, आणि ते थंड कपाटात जपून ठेवावे लागते, नाहीतर राळ आपोआप घट्ट होऊ लागते. त्या कापडातून लांबट, पताकेसारखा तुकडा कापायचा. तो एका निमुळत्या पोलादी सळईवर दाब देत गुंडाळायचा. वरून सेलोफेनची फीत घट्ट आवळत न्यायची, सगळे भट्टीत भाजायचे, थंड झाल्यावर सळई ओढून काढायची आणि फीत सोलायची. उरते ती पोकळ नळी. धंद्यात तिला ‘ब्लँक’ म्हणतात. तिला बुचाची मूठ, दोरीसाठी कड्या आणि रिळासाठी बैठक बसवली की काठी तयार.

या कृतीत महाग आणि अवघड असते ती सळई, म्हणजे मॅन्ड्रेल. प्रत्येक लांबीला आणि प्रत्येक वजनाच्या दोरीला वेगळी सळई हवी, तिचा निमुळतेपणा नेमका हवा. शिवाय भट्टी, थंड कोठार आणि कापड गुंडाळणारे सरावाचे हात हवेत. एवढा पसारा मांडण्याची ऐपत मोजक्या कारखान्यांची होती. दुकानदारांना मात्र आपल्या नावाची काठी हवी होती. तेव्हा थोडे कारखाने नळ्या बनवीत आणि बरीच नावे त्यांवर चढत. कॅलिफोर्नियातील जे. केनेडी फिशर यांची पेढी अशीच. तिच्या नळ्या इतर नामांकित कंपन्यांच्या काठ्यांतही गेल्या आणि घरी काठी बांधणाऱ्या हौशी लोकांकडेही.

मोठ्या विक्रीगृहांची रीत तर उघडच होती. सिअर्सने बेसबॉलचा महान फलंदाज आणि पट्टीचा मासेमार टेड विल्यम्स याच्या नावाने खेळाचे साहित्य विकले. त्याने अर्थातच एकही काठी भाजली नव्हती. पण सिअर्सच्या मालाची एक खोड शोधकाच्या फायद्याची आहे. मॉडेल क्रमांकाच्या आरंभी बहुधा तीन अंक आणि मग टिंब असते. ते तीन अंक माल पुरवणाऱ्या कारखान्याचा संकेत होत. गिऱ्हाइकापासून लपवलेला कर्ता हिशेबाच्या सोयीसाठी वस्तूवरच लिहून ठेवलेला! कारकुनी कधी कधी इतिहासावर असे उपकार करते.

माणसेही एका जागी राहिली नाहीत, आणि गुंता खरा तिथेच वाढतो. डॉन ग्रीन यांची ग्रिझली नावाची काचतंतूची पेढी फेनविकमध्ये मिसळली. १९८० मध्ये तेच डॉन ग्रीन आणि ब्रूस कर्शनर यांनी वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर नवी कंपनी काढली. तीच पुढे ‘सेज’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच राज्यातील वुडलंड या लहानशा गावात लॅमिग्लास कंपनी होती. तिथे काम केलेल्या गॅरी लूमिस यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी त्याच गावात स्वतःची कंपनी उभारली, आणि १९९७ मध्ये ती जपानच्या शिमानोकडे गेली. म्हणजे दोन वेगळ्या नावांच्या दोन काठ्या हातात घेतल्यावर एकाच घराण्याच्या वाटल्या, तर तो निव्वळ भास असेलच असे नाही. घराण्यातला गवय्या दुसऱ्या दरबारी गेला तरी गळा तोच राहतो.

उलटही घडते. नाव तेच राहते आणि कर्ते बदलतात. फेनविक पुढे वुडस्ट्रीम कंपनीच्या मालकीची झाली. ही कंपनी उंदरांच्या सापळ्यांसाठी प्रसिद्ध! तिथून ते नाव आणखी पुढच्या मालकांकडे गेले. नुसते ‘फेनविक’ म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही. कोणत्या वर्षाची, हे विचारावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोत १९२९ मध्ये सुरू झालेली विन्स्टन कंपनी टॉम मॉर्गन यांच्या काळात, १९७०च्या दशकात, माँटॅनातील ट्विन ब्रिजेस या गावी गेली. सॅन फ्रान्सिस्कोतच हॅरी विल्सन यांनी काढलेली स्कॉट पुढे कोलोरॅडोत गेली. त्यामुळे काठीवर गावाचे नाव असेल तर ते कंपनीच्या नावाइतकेच, किंबहुना अधिक, बोलके ठरते.

मग निनावी काठी पुढ्यात आली तर शोध कसा घ्यायचा? पाहायचे प्रथम सांध्याकडे. बांबूच्या काळी दोन तुकडे धातूच्या नळीने जोडत. फेनविकचे जिम ग्रीन (डॉन यांचे हे नातलग नव्हेत) यांनी धातू काढून टाकला आणि वरच्या तुकड्याचे बूड खालच्या तुकड्याच्या टोकावर टोपीसारखे बसवले. त्या सांध्याला कंपनी ‘फेरालाइट’ म्हणे. इतर अनेकांनी खालच्या तुकड्यात एक गुज बसवून त्यावर वरचा तुकडा सरकवला. या दुसऱ्या सांध्यात दोन तुकड्यांमध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण वापराने गुज झिजते. जाणकार नसलेला मालक ती फट पाहून काठी बिघडली असे समजतो आणि गुज घासून तिचे वाटोळे करतो. अशा काठ्या बाजारात पुष्कळ दिसतात.

त्यानंतर नळीचा पृष्ठभाग. सेलोफेनची फीत सोलल्यावर राळेवर बारीक वळ्या राहतात. काही कारखाने त्या घासून गुळगुळीत करीत आणि वर रंग देत, काही तशाच ठेवीत. उन्हात तिरपी धरली की वळ्या दिसतात आणि त्यांतले अंतर मोजता येते. अक्षरांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ‘आयएम६’ असे लिहिलेले पाहून ती कंपनी समजणारे लोक आहेत. ते हर्क्युलिस कंपनीच्या तंतूचे नाव. म्हणजे पीठ कोणत्या गिरणीचे ते कळले. भाकरी कोणी थापली ते नाही. त्या खुणेचा उपयोग काळ ठरवण्यापुरता, कारण ही अक्षरे मिरवणाऱ्या काठ्या १९८०च्या दशकातल्या किंवा नंतरच्या.

देश ठरवायला कायदा मदत करतो. १९३०च्या अमेरिकी जकात कायद्याप्रमाणे आयात मालावर मूळ देश लिहिणे बंधनकारक आहे. जपान किंवा कोरिया असे बारीक अक्षर मुठीजवळ सापडले, तर निम्मा शोध संपतो. पण चिकटपट्टीवरचे अक्षर पुसते, आणि अक्षर नाही म्हणून काठी अमेरिकी, हा निष्कर्ष लिलावात विकणाऱ्याला सोयीचा असला तरी खरा असेलच असे नाही.

सर्वांत भरवशाचा पुरावा मात्र सळईचा. सळई कारखान्यातच राहिली, पण नळीच्या पोटात तिचा ठसा उरला. नळीच्या बुडाशी आतला व्यास मोजला की सळई कळते. बाहेरचा व्यास मोजून आतला वजा केला की कापडाचे किती वेढे घातले ते कळते. दर सहा इंचांवर बाहेरचा व्यास घ्यायचा, टोकाचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत लिहायचा आणि नाव निश्चित असलेल्या काठ्यांच्या मापांशी ताडून पाहायचे. यातही फसगत आहे. दोन कारखान्यांकडे सारख्या सळया असू शकतात, आणि एकाच सळईवर पताका वेगळी कापली की काठीचा स्वभाव बदलतो. म्हणून आतले आणि बाहेरचे, दोन्ही माप जुळले तरच बोलावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. एक कारण रोकडे आहे. टोकाचा तुकडा मोडला, तर त्याच सळईवरचा तुकडाच नीट बसतो. कारखाना कळला नाही तर वडिलांची काठी भिंतीवर टांगण्यापुरती उरते. दुसरे कारण बाजाराचे. प्रसिद्ध नाव जोडले की निनावी काठीचा भाव चढतो, आणि ‘अमुक यांनीच बनवली’ हे वाक्य छापायला शाईशिवाय काही लागत नाही. तिसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भट्टीपाशी उभे राहून कापड गुंडाळणारे आणि कड्यांवर दोरा बांधणारे हात (या बांधणीच्या विभागांत स्त्रिया पुष्कळ असत) जाहिरातीत कुठेच नाहीत. कारखाना ठरला, तरच त्या हातांपर्यंत जाण्याची वाट उरते.

समजा, अशी एक काठी समोर आहे. साडेआठ फूट, दोन तुकडे, तपकिरी, चिकटपट्टी नाही. मुठीच्या वर शाईने हाताने लिहिलेले एक व्यक्तिनाम, दोरीचा अंक ६ आणि ‘ग्रॅफाइट’ हा शब्द. सांधा गुजाचा. कड्यांची बांधणी नीट, पण अंतरे कोणत्याही कंपनीच्या जुन्या सूचिपत्रातील आराखड्याशी जुळत नाहीत. इथे व्यक्तिनाम बहुधा विकत आणलेल्या नळीवर काठी बांधणाऱ्या हौशी माणसाचे. त्या काळी हा छंद अमेरिकेत जोरात होता. म्हणजे तंतू एकाचा, नळी दुसऱ्याची, बांधणी तिसऱ्याची. प्रश्न ‘कर्ता कोण’ असा राहतच नाही, तर ‘कोणत्या भागाचा कर्ता कोण’ असा होतो. बुडाचा आतला व्यास आणि बाहेरची मापे एखाद्या निश्चित नळीशी जुळली, तर मधल्या रकान्यात कारखान्याचे नाव पेन्सिलीने लिहावे, त्याच्याआधी ‘बहुधा’ लिहावे आणि मापांचा कागद काठीच्याच पिशवीत घालून ठेवावा.