मावशीच्या कातडीखालची डबी

मिरजगावहून बोलतोय. आजचा भाग जरा घरचाच आहे.

आमच्या मावशीला कॅन्सर झाला. तीन केमो झाल्या आणि हाताच्या शिरा काळ्या पडल्या, दोरीसारख्या कडक झाल्या. सुई लागेपर्यंत चार-चार वेळा टोचायचे. डॉक्टर म्हणाले, "पोर्ट बसवू." म्हणजे छातीवर, कातडीच्या आत एक छोटी डबी. तिची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत.

मावशी मला म्हणाली, "थेट काळजापाशी नळी? हे कुणी शोधलं रे?"

ऐका तर मग.

१९२९, जर्मनीतलं एबर्सवाल्डे गाव. वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरला वाटत होतं, की हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेता येईल. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. मग पठ्ठ्याने स्वतःच्याच कोपराजवळची शीर उघडली, नळी आत सरकवली आणि तसाच चालत एक्स-रे खोलीत गेला. फोटोत नळी हृदयात दिसली! तेव्हा फार कुणी दाद दिली नाही. नोबेल मिळालं १९५६ साली.

नळी पोहोचली, पण दरवेळी कापाकापी कशाला? १९५२ मध्ये फ्रेंच सर्जन ओबानियाक यांनी कॉलरबोनखालच्या मोठ्या शिरेत नुसत्या सुईने शिरायची पद्धत मांडली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी रक्तवाहिन्यांसाठी एक सोपी युक्ती दिली: पोकळ सुई घाला, तिच्यातून बारीक तार सोडा, सुई काढा, तारेवरून नळी सरकवा. विहिरीत आधी दोर सोडायचा, मग दोर धरून उतरायचं, तसंच. आजही काही सर्जन शीर उघडून नळी घालतात, काही सुई-तारेने. सुई घालताना आता सोनोग्राफीत शीर दिसते, त्यामुळे चुकायची भीती कमी.

पुढचा प्रश्न होता, नळी महिनोन्‌महिने टिकणार कशी? १९७३ मध्ये ब्रोव्हियाक आणि १९७९ मध्ये हिकमन यांनी नळी कातडीखालून थोडी फिरवून बाहेर काढली. नळीला कापडी पट्टी होती. तिच्यात शरीराची पेशीजाळी वाढते, नळी घट्ट बसते आणि जंतूंची वाट अडते. पण नळीचं टोक बाहेरच. रोज जपायचं, ओलं होऊ द्यायचं नाही. कांद्याच्या खळ्यावर काम करणाऱ्या बाईला हे कसं जमायचं?

१९८२ मध्ये अमेरिकेत नीडरहुबर आणि सहकाऱ्यांनी नळी आणि डबी दोन्ही कातडीखाली बसवल्याचं लिहिलं. बाहेर काहीच नाही! मुंबईचं टाटा मेमोरियल सुरू झालं १९४१ साली. म्हणजे तिथे पहिले रुग्ण आले, त्यानंतर ४१ वर्षांनी.

मावशीचा पोर्ट बसला. केमोच्या दिवशी खास सुई डबीत टोचतात. साधी सुई चालत नाही, डबीचा पडदा खराब होतो. एरवी ती अंघोळ करते, भाकरी थापते. ठरलेल्या दिवशी नळी धुऊन घ्यायला जाते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मंडळी. पोर्ट असलेल्या माणसाला ताप किंवा थंडी वाजली, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. नळीत जंतू शिरले तर ते थेट रक्तात जातात. त्याच रात्री गाडी काढायची. आमच्या घरी दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

तुमच्या घरी कुणाला पोर्ट असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!